संशयाचा फायदा कोणाला?



गेल्या वर्षी ईस्टर झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आमच्या चर्चच्या नव्या पास्टरनी मला कॉफीला बोलावलं. मी तिथे चार वर्षं मोठ्यांची शब्बाथशाळा घेत होते. दर रविवारी उपासनेआधी पाऊण तास, पंधरा-वीस माणसं, त्यांत निम्मे पुरुष. पास्टर माणूस सज्जन आहे. त्यांनी आधी माझ्या अभ्यासाचं कौतुक केलं, मग हळूच मुद्द्यावर आले. पुढच्या महिन्यापासून हा वर्ग एका गृहस्थांकडे द्यायचं बोर्डानं ठरवलं होतं. मी बायकांचा वर्ग घ्यावा, मुलांचा घ्यावा, पण पुरुषांना बाईनं शिकवणं शास्त्रात बसत नाही. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, दुसरा अध्याय, बारावं वचन. "याबाबत बायबल अगदी स्पष्ट आहे," ते म्हणाले.

मी वाद घातला नाही. घरी आले, वर्गाच्या टिपणांची फाइल नीट लावली आणि ज्यांच्याकडे वर्ग गेला त्यांना नेऊन दिली. ते गृहस्थ माझ्याच वर्गात चार वर्षं बसत होते. फाइल घेताना त्यांनाच जास्त अवघडल्यासारखं झालं.

रात्री कॉलेजातून लेकीचा फोन आला. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "मग पणजी काय करायची?"

माझी आजी म्हणजे तिची पणजी. आम्ही मूळचे नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. आजी बायबलबाई होती. खांद्याला कापडी पिशवी लावून गावोगाव पायी जायची आणि ओसरीवर, विहिरीच्या काठावर, जिथे बायका जमतील तिथे शास्त्र वाचून समजावून सांगायची. मागे भिंतीला टेकून पुरुषही ऐकायचे, त्यांना कोणी उठवलं नाही. मात्र रविवारी चर्चमध्ये व्यासपीठावर पाळक उभे राहायचे आणि आजी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसायची. झाडाखाली शिकवलेलं चालत होतं, छपराखाली नाही.

आपल्या या पत्राचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत हे मला माहीत आहे. तरी हे लिहिते आहे. "ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या ग्रंथाबद्दल ऐकलेलं आहे. ते वाक्य बोलणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा भाषांतर असतं. आणि भाषांतर म्हणजे कोणीतरी दिलेला निकाल.

कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. मूळ शब्दाचे दोन अर्थ होत असतील, वाक्य दोन प्रकारे वाचता येत असेल, तर भाषांतरकारालाही कोणाला तरी संशयाचा फायदा द्यावा लागतो. बायबलमधल्या बायकांच्या बाबतीत तो शेकडो वर्षं कोणाला मिळत गेला, हे काही उदाहरणांनी बघू या.

पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा शेवटचा, सोळावा अध्याय म्हणजे नमस्कार-चमत्कारांची यादी. बरेच लोक तो वाचायचा सोडून देतात. त्या यादीत दहा स्त्रिया आहेत. पहिलीच फिबी, किंख्रिया या बंदरातल्या मंडळीची. हे पत्र रोमला तीच घेऊन गेली असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. पौल तिला 'दियाकोनोस' म्हणतो. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये हाच शब्द पौलाबद्दल आला तिथे 'मिनिस्टर' झाला, फिलिप्पैच्या मंडळीतल्या पदाधिकाऱ्यांबद्दल आला तिथे 'डीकन' झाला आणि फिबीबद्दल आला तिथे 'सर्व्हंट' झाला. मूळ शब्द एकच. ते बायबल तयार करणारे सत्तेचाळीसएक विद्वान होते, सगळे पुरुष.

पुढच्याच वचनात पौल तिला 'प्रोस्तातिस' म्हणतो. त्या काळच्या समाजात हा शब्द आश्रयदात्रीला, स्वतःच्या पैशानं आणि वजनानं इतरांना उभं करणाऱ्या बाईला लावत. इंग्रजीत बराच काळ ती नुसती मदत करणारी राहिली. 'न्यू इंटरनॅशनल व्हर्शन' या अतिशय खपाच्या भाषांतरात १९८४ च्या आवृत्तीत फिबी 'सर्व्हंट' आहे आणि २०११ च्या आवृत्तीत 'डीकन'. मधल्या सत्तावीस वर्षांत ग्रीक काही बदललं नव्हतं.

आमच्या घरच्या मराठी बायबलात फिबी 'सेविका' आहे. शब्दाला शब्द म्हणून चूक नाही. पण मराठी कानाला काय ऐकू येतं बघा. 'लोकसेवक' म्हटलं की मंत्री किंवा कलेक्टर डोळ्यांपुढे येतो. 'सेविका' म्हटलं की तुटपुंज्या मानधनावर राबणारी अंगणवाडी सेविका. एका वेलांटीनं आणि एका काऱ्यानं पदाची पायरी उतरते, आणि ती उतरवायला कोणाला खोटं लिहावंही लागत नाही.

त्याच अध्यायात सातव्या वचनात युनिया भेटते. ती आणि अंद्रोनीक हे दोघं पौलाचे नातलग, त्याच्याबरोबर तुरुंगात राहिलेले, त्याच्या आधी ख्रिस्ती झालेले. प्रेषितांमध्ये त्यांची गणना ठळकपणे होते असं पौल लिहितो. म्हणजे एक स्त्री प्रेषित! चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तोमला यात अडचण वाटली नव्हती. ग्रीक ही त्याची मातृभाषा. बायकांचा तो काही कैवारी नव्हता, पण या बाईचं शहाणपण किती मोठं असेल की तिला प्रेषित म्हटलं गेलं, असं त्यानं कौतुकानं लिहून ठेवलं आहे.

पुढे मात्र युनियाचा पुरुष झाला. वाक्यात हे नाव ज्या विभक्तीत येतं, त्यात बाईचं नाव 'युनिया' आणि पुरुषाचं संभाव्य नाव 'युनियास' यांची अक्षरं एकसारखी दिसतात. फरक फक्त स्वराघाताच्या चिन्हाचा, आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही चिन्हं लिहीतच नसत. ल्यूथरच्या जर्मन बायबलमध्ये सोळाव्या शतकात हे नाव पुल्लिंगी झालं. किंग जेम्समध्ये ती युनियाच राहिली, पण जगभरचे अभ्यासक वापरतात त्या नेस्टल यांच्या ग्रीक आवृत्तीत १९२७ साली पुरुषी चिन्ह छापलं गेलं. ते दुरुस्त व्हायला १९९८ साल उजाडलं. त्या एकाहत्तर वर्षांत निघालेल्या कितीतरी भाषांतरांत हे दोघं 'नामांकित पुरुष' झाले. गंमत अशी, की युनिया हे बाईचं नाव एकट्या रोममधल्या शिलालेखांत अडीचशेहून जास्त वेळा सापडतं. 'युनियास' नावाचा पुरुष प्राचीन काळात तिथे एकदाही सापडलेला नाही.

मग ज्याचा पुरावा नाही असा माणूस का निर्माण करावा लागला? कारण सरळ होतं. प्रेषित पुरुषच असणार हे आधी ठरलं होतं, तेव्हा हे नावही पुरुषाचंच असलं पाहिजे. अमेरिकन अभ्यासक बर्नाडेट ब्रूटेन यांनी १९७७ साली हे दाखवून दिलं आणि २००५ साली एल्डन एप यांनी त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण २००१ च्या 'इंग्लिश स्टँडर्ड व्हर्शन'मध्ये युनिया बाई आहे आणि 'प्रेषितांमध्ये नामांकित' नाही, 'प्रेषितांना चांगली माहीत असलेली' आहे. व्याकरणानं असं वाचता येतं असं म्हणणारे अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण क्रम बघा. पुरुष होता तोवर प्रेषितांमधला होता. बाई ठरली आणि प्रेषितांच्या ओळखीची झाली.

आपल्याकडचा नमुना आठवतो का? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अंत्यविधीच्या सूक्तात स्त्रियांनी आधी पुढे जावं अशा अर्थी 'अग्रे' हा शब्द आहे. तो 'अग्नेः' असा वाचून तिथे सतीला वेदाचा आधार शोधला गेला. मॅक्स म्युलरनं एकोणिसाव्या शतकात यावर कडक टीका केली. तिथे एका अक्षरानं बाई अग्नीत गेली, इथे एका चिन्हानं यादीतून गेली. दोन्ही ठिकाणी वाचणाऱ्याला काय हवं आहे ते आधीच ठरलेलं होतं.

आता माझ्या वचनाकडे येते. तीमथ्याच्या पत्रात बाईनं पुरुषावर काय करू नये हे सांगायला 'औथेन्तेइन' हे क्रियापद आलं आहे. संपूर्ण नव्या करारात ते एवढ्या एकाच ठिकाणी येतं. अधिकार चालवणं म्हणायला नव्या करारात दुसरे शब्द नेहमीच्या वापरात आहेत, इथे ते नाहीत. या क्रियापदाच्या कुळातलं जुनं नाम 'औथेन्तेस' तर स्वतःच्या हातानं खून करणाऱ्यालाही लावत. जुन्या लॅटिन भाषांतरात इथे वर्चस्व गाजवण्याचा शब्द आहे. किंग जेम्समध्ये अधिकार बळकावण्याचा आहे. विसाव्या शतकातल्या अनेक भाषांतरांत नुसता 'अधिकार असणे' आहे. अधिकार बळकावू नकोस आणि अधिकारच तुझ्याकडे नको, या दोन आज्ञा एक कशा? पहिली कोणालाही लागू होईल, पास्टरांनासुद्धा. दुसरी फक्त बाईला.

हे पत्र इफिसमधल्या मंडळीच्या भानगडींबद्दल आहे. तिथे खोटी शिकवण पसरली होती हे पत्रातच लिहिलं आहे. त्याच इफिसमध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्यानं अपुल्लोस नावाच्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन मार्ग नीट समजावून सांगितला, असं प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात येतं. म्हणजे बाईनं पुरुषाला शिकवलंच. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत इथे आधी बायकोचं नाव आहे, मग नवऱ्याचं. किंग जेम्सच्या मागे जी ग्रीक आवृत्ती होती तिच्यात आधी नवऱ्याचं. लग्नपत्रिका छापताना नावांच्या क्रमावरून घरात काय होतं हे तुम्ही जाणताच. नकलून घेणारेही माणसंच होती.

हे सगळं मला पास्टरांना सांगायचं होतं. मी एकदा त्यांच्या टेबलावर पाच भाषांतरं उघडून ठेवली. त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाले, बोर्डाचा निर्णय झाला आहे.

हा शब्दांचा खेळ नाही हे सांगण्यासाठी आणखी एक प्रसंग लिहिते. आमच्या ओळखीच्या एका बाईचा नवरा तिच्यावर हात टाकायचा. तिनं तिच्या चर्चमध्ये सांगितलं तेव्हा तिला इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचायला सांगून घरी पाठवलं. पत्नींनी पतीच्या अधीन असावं, हे बाविसावं वचन. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत या वचनात 'अधीन असा' हे क्रियापदच नाही. ते आधीच्या, एकविसाव्या वचनातून घ्यायचं आहे, आणि त्या वचनात सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहावं असं सांगितलं आहे. म्हणजे हे एकच सलग वाक्य. पण अनेक छापील बायबलांत या दोन वचनांच्या मधोमध संपादकांनी ठळक अक्षरांत शीर्षक घातलं आहे, 'पती-पत्नी' अशासारखं. पौलानं शीर्षक दिलं नव्हतं. ते पडलं आणि 'एकमेकांच्या' हा शब्द भिंतीपलीकडे राहिला. त्या बाईला भिंतीच्या अलीकडचं तेवढं वाचायला दिलं गेलं.

आणि याच पत्राच्या पुढच्या अध्यायात गुलामांनी मालकांची आज्ञा पाळावी असंही आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत मळेवाल्यांचे धर्मोपदेशक यादवी युद्धापर्यंत ते वचन मोठ्यानं वाचत. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही इथली सर्वांत मोठी प्रॉटेस्टंट संघटना १८४५ मध्ये गुलामगिरीच्याच वादातून वेगळी झाली, आणि १९९५ मध्ये तिनं त्याबद्दल जाहीर माफी मागितली. ते वचन त्या काळच्या समाजाला धरून होतं, कायमची आज्ञा नव्हे, असं आता सगळे मानतात. मग त्याच पानावरचं बायकोबद्दलचं वचन तेवढं कायमचं कसं? त्याच संघटनेनं १९९८ साली पत्नीच्या अधीनतेचं कलम आपल्या श्रद्धापत्रात घातलं आणि २००० साली पास्टरचं पद फक्त पुरुषांसाठी ठेवलं. त्या वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तिच्यातून बाहेर पडले. २०२३ मध्ये स्त्री-पास्टर नेमल्याबद्दल कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या प्रचंड चर्चला काढून टाकण्यात आलं. २०२४ आणि २०२५ मध्ये ही बंदी घटनेतच आणखी कडक करण्याचा ठराव दोन्ही वेळा सुमारे साठ-एकसष्ट टक्के मतं मिळून पडला, कारण दोन-तृतीयांश लागत होती.

उत्पत्तीच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात. हव्वेला जो हिब्रू शब्द लावला आहे तो 'एझेर', म्हणजे साहाय्य. इंग्रजीत त्यातून 'हेल्पमीट' असा एक खास शब्दच तयार झाला, हाताखालच्या बाईसारखा. जुन्या करारात हा शब्द बहुतेक वेळा देवासाठी येतो, संकटात धावून येणाऱ्या देवासाठी. ख्रिस्ती घरांच्या पाटीवर 'एबेनेझर' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, त्यातला 'एझेर' तोच. देव साहाय्यक झाला तर वरचा, बाई झाली तर खालची. याच गोष्टीत बाईला मिळालेल्या शापातल्या एका शब्दयोगी अव्ययावरून इंग्लिश स्टँडर्ड व्हर्शननं २०१६ मध्ये बाईची ओढ नवऱ्या'कडे' होती ती नवऱ्या'विरुद्ध' करून टाकली, आणि २०२५ च्या आवृत्तीत पुन्हा पहिल्यासारखी केली. मधल्या नऊ वर्षांत ज्यांचे विवाह-समुपदेशन त्या पानावरून झालं, त्यांना दुरुस्तीपत्रक कोण पाठवणार?

आता दुसरी बाजू. सगळा दोष भाषांतराचा आहे असं म्हटलं तर तीही लबाडीच होईल. हे ग्रंथ पुरुषप्रधान समाजात लिहिले गेले आणि त्यांत काही वाक्यं अशी आहेत की कितीही व्याकरण केलं तरी ती गोड होत नाहीत. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं येतं. ती वचनं काही हस्तलिखितांत अध्यायाच्या शेवटी आढळतात, त्यामुळे ती मागाहून घातली असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. त्याच पत्रात तीन अध्याय आधी बायका मंडळीत मोठ्यानं प्रार्थना करतात, संदेश देतात हे पौलानं गृहीत धरलं आहे. तरी ती वचनं छापलेली आहेत आणि राहणार. आपल्याला आवडत नाही म्हणून भाषांतरातून ती पुसणं मला मान्य नाही. युनियाला पुसणाऱ्यांनी तेच केलं होतं.

आपल्यातले काही जण यावर म्हणतील, एवढा खटाटोप हवा कशाला, पुस्तकच बाजूला ठेवा. माझ्या नवऱ्याचं साधारण हेच मत आहे. ज्यांना ते शक्य आहे त्यांनी खुशाल ठेवावं. पण ज्या बाईला मार खाऊन घरी परत पाठवलं, तिला पुस्तक बाजूला ठेव म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. तिचा त्यावर जीव आहे. तिला एकविसावं वचन दाखवणारं कोणी हवं होतं. ग्रंथ सोडून देण्यानं तो ग्रंथ निष्प्रभ होत नाही. तो फक्त उरलेल्यांच्या हातात जातो.

बायकांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. कनेटिकटमधल्या ज्युलिया स्मिथ यांनी हिब्रू, ग्रीक, लॅटिन शिकून एकटीनं आख्खं बायबल इंग्रजीत आणलं आणि १८७६ साली स्वतःच्या पैशानं छापलं. मत नाही तर कर नाही असं म्हणून ज्या दोन बहिणींच्या गाई जप्त झाल्या होत्या, त्यांतली ही एक. एलिझाबेथ केडी स्टँटन यांचं 'वूमन्स बायबल' १८९५ आणि १८९८ मध्ये निघालं. फ्रान्सिस विलर्ड यांनी १८८८ मध्ये 'वूमन इन द पुल्पिट' या पुस्तकात विचारलं, की इतर आज्ञा सैल हातानं वाचणारे धर्मोपदेशक बायकांच्या आज्ञा तेवढ्या अक्षरशः का वाचतात?

या विलर्डबाईंच्या ओळखीची एक मराठी विदुषी तेव्हा अमेरिकेत फिरत होती. पंडिता रमाबाई. ज्यांच्या वडिलांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींनी त्रास दिला, त्या रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथे त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला. मी माझ्या त्या कॉफीनंतर हा पत्रव्यवहार पुन्हा काढून वाचला आणि हसू आलं. साठ नव्हे, एकशे चाळीस वर्षांपूर्वीची तीच कॉफी. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिनना स्वच्छ कळवलं होतं, की आपल्याकडच्या भटजींचं जोखड नुकतंच उतरवलं आहे, आता दुसऱ्या कोणाचं मानेवर घेणार नाही.

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो विधवा, दुष्काळात उघड्या पडलेल्या मुली सांभाळता सांभाळता त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणलं. आधीच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. जिनं संस्कृतवर 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या, तिनं संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले. छपाईचं काम मुक्तीतल्या बायका-मुलींनी केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. सातासमुद्रापलीकडे बोर्ड आणि बिशप बाईनं काय शिकवावं ते ठरवत असताना दौंडच्या अलीकडे एका स्टेशनाजवळ बायका बायबलचे खिळे जुळवत होत्या. महाराष्ट्रात शिकलेल्या किती जणांना हे शाळेत सांगितलं गेलं? रमाबाईंचं धर्मांतर आठवतं, वाद आठवतात. भाषांतर कोणालाच आठवत नाही.

गोष्टी बदलत नाहीत असं नाही. मग्दालीया मरीयेला सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनं एका प्रवचनात दुसऱ्याच एका पापी स्त्रीशी जोडून टाकलं होतं. शुभवर्तमानांत ती पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार आहे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिसनी तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पा ललिता पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं. बायबल या सगळ्यांचंही तेच आहे.

आम्ही ते चर्च सोडलं. सोपं गेलं नाही. तिथल्या लोकांनी माझ्या आजारपणात महिनाभर डबे पुरवले होते, त्यांच्यावर माझा राग नाही. आता शनिवारी सकाळी झूमवर नऊ-दहा मराठी बायका जमतो. नगरहून माझी धाकटी मावशी असते, तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. सध्या रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय चालू आहे, तो सोडून द्यायचा म्हणून ठरलेला. परवा एकीचा नवरा कॅमेऱ्यात न येता बाजूला बसून ऐकत होता. मी काही बोलले नाही. ओसरीवर भिंतीला टेकून बसणाऱ्यांना आजीही काही बोलत नसे.

तुम्हाला एक विनंती. पुढच्या खेपेला कोणी कुठल्याही ग्रंथाचं नाव घेऊन "स्पष्ट लिहिलं आहे" म्हणालं, तर रागावू नका आणि मानही डोलावू नका. कुठल्या भाषेत, कोणी भाषांतर केलेलं, आणि हाच शब्द पुरुषाबद्दल आला तिथे काय लिहिलं आहे, एवढं विचारा. आणि भारतात गेलात तर पुण्याहून दौंडकडे जाताना केडगावला उतरा.